लेकीच्या नावानं दिलेला होकार

विश्रांतवाडीच्या त्या विहारात बुद्धपौर्णिमेची खीर कोण करणार, हा प्रश्न कधी निघतच नसे. खीर कांताबाईंची. भाषण कुणाचं, हार कुणाचे, माईक कुणाच्या हातात, यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होत. पण मागच्या अंगणातल्या मोठ्या पातेल्याजवळ कांताबाईंनी पदर खोचला की तिथं दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे.

हे काम त्यांच्याकडं सासूकडून आलं. नवरा भीमराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, आणि संसार तिथल्याच क्वार्टरमध्ये. फलटणकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या कांताबाईंना सासूनं पहिल्याच वैशाखात पातेल्यापाशी उभं केलं आणि सांगितलं, "तांदूळ तुपात नुसता परतायचा, लाल करायचा नाही. हात थांबवायचा नाही. आणि चाखायचं नाही. दान द्यायचं ते आपण आधी उष्टं करत नाही." सुजातेनं झाडाखाली बसलेल्या सिद्धार्थाला खीर दिली, तेव्हा तिनं काय बोट घालून पाहिलं होतं का, असं सासू विचारायची. तेव्हापासून कांताबाई वासावरून गोडी ओळखायला शिकल्या. भीमराव निवृत्त झाले, क्वार्टर सुटली, विश्रांतवाडीत आळंदी रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या आणि गॅलरी झाली, सासू गेली. खीर राहिली.

बाई श्रद्धाळू, पण देखाव्याची नाही. सकाळी अंघोळ झाली की मूर्तीपुढं मेणबत्ती, उदबत्ती, त्रिशरण, पंचशील. पाच शीलं रोज तोंडानं म्हणायची आणि दिवसभर त्यांतलं काय मोडलं ते निजण्याआधी मनात चाळायचं, ही त्यांची सवय. बहुतेक दिवशी सापडायचं ते किरकोळ असायचं. भाजीवाल्याला जास्त टाकून बोलले. शेजारणीला घरात असून नाही म्हटलं.

लेक मैत्री ही त्या घराची पहिली डॉक्टर. गुरांची डॉक्टर. ती पास झाली तेव्हा भीमरावांच्या चुलतभावानं पेढा तोंडात टाकत विचारलं होतं, "माणसांची सीट नाही का मिळाली?" भीमराव म्हणाले, "मिळत होती. पण तिथं तुझ्यासारखे पेशंट येतात म्हणून घेतली नाही." कांताबाईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते पुढं अनेकदा, अगदी गरज नसताना, लोकांना सांगितलं.

मैत्री आता गुरांना हात लावत नसे. तिचं काम फोनवरचं. म्हशीला, कोंबडीला, बोकडाला औषध दिलं की ते अंगात मुरतं, आणि मग दुधात, अंड्यात, मांसात उतरत राहतं. ते उतरायचं कधी थांबतं आणि माणसानं ते कधी खायला हरकत नाही, हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. पण ते ठरलेल्या मात्रेपुरतं. डॉक्टरनं मात्रा वाढवली, दोन औषधं एकत्र दिली, की वेष्टनावरचा हिशेब लागू पडत नाही. मग नाशिक, सातारा, सोलापूर कुठून कुठून पशुवैद्य मैत्रीला फोन करत. ती जनावराची जात विचारी, वजन विचारी, कोणतं औषध, कुठून दिलं, किती वेळा. संगणकात काहीबाही बघे आणि मग सांगे. तिच्या 'चालेल'वर कॅनची झाकणं उघडत आणि तिच्या 'नाही'वर दूध उकिरड्यावर ओतलं जाई. "मैत्री मॅडमनी सांगितलं का? मग झालं," हे वाक्य कांताबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

कामाचा फोन वेगळा. तो घरी असला की टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला असे, आणि मैत्री जवळ नसली की कांताबाई उचलून सांगत, "मैत्रीची आई बोलतेय, निरोप सांगा." निरोप त्या चोख देत. त्यात त्यांना आपलाही थोडा हात लागतोय असं वाटे, आणि ते खोटं नव्हतं.

आता मुक्ताई. कळसच्या बाजूला तिचा चार-पाच म्हशींचा गोठा. गल्लीतली निम्मी घरं तिच्या रतिबाची. धर्म वेगळा, देव वेगळे. पण पौर्णिमेच्या खिरीचं दूध मुक्ताई दान म्हणून देई. "तुमचा बुद्ध काय माझ्या म्हशीचं दूध नगं म्हननार हाय व्हय?" असं म्हणून कॅन उतरवून जाई. मागच्या वर्षी नेमकी ती भाचीच्या लग्नाला गेली आणि कांताबाईंना दुकानातल्या पिशव्या आणून खीर करावी लागली. सगळे जेवायला बसलेले. वंदना घ्यायला आलेल्या भिक्खूंच्या, भन्तेजींच्या पात्रात खीर पडली, आणि सरुबाई, ज्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि जिभेनं कातरीला लाजवतील अशा, मोठ्यानं म्हणाल्या, "कांताबाई, सुजातानं पिशवी दातानं फोडली होती का कातरीनं, तेवढं सांगा हो."

पंगत हसली. भन्तेजीही हसले. कांताबाईही हसल्या, पण ते हसू त्यांना वर्षभर टोचत राहिलं. यंदाच्या बैठकीत त्यांनी आपणहून सांगून टाकलं, "यंदा पिशवी नाही. मुक्ताईच्या चांदीचं दूध." चांदी ही मुक्ताईची दुधाळ म्हैस. उन्हाळ्यात बाकीच्या म्हशी आटलेल्या असत. गोठा चालायचा तो चांदीवर.

आणि चांदीला दगडी झाली. कास सुजली, दगडासारखी घट्ट झाली, एका सडातून दुधाऐवजी गाठी येऊ लागल्या. त्या भागात समाधान नावाचा तरुण डॉक्टर फिरे. त्यानं सडात ट्यूब सोडल्या, इंजेक्शनं दिली. फरक पडेना म्हणून वाढवली. पौर्णिमेपर्यंत कास मऊ झाली, दूध पांढरं आणि सरळ येऊ लागलं. दिसायला काही दोष नव्हता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, कामाचा फोन वाजला. मैत्री नुकतीच बाहेरून येऊन अंघोळीला गेली होती. कांताबाईंनी उचलला.

"मावशी, समाधान बोलतोय. मॅडम आहेत का?"

"अंघोळीला गेलीय. काय निरोप?"

"मुक्ताईच्या म्हशीचं विचारायचं होतं. डोस लेबलपेक्षा जास्त गेलाय, आणि मध्ये दुसरं अँटिबायोटिकपण दिलं. लेबलचे दिवस झालेत, पण ते पकडता येणार नाहीत ना. मुक्ताई म्हणतेय उद्या तुमच्याच खिरीला दूध द्यायचंय, रतीबपण सुरू करायचाय. मॅडम हो म्हणाल्या तरच सोडतो. मी आता भोसरीला निघालोय, थोड्या वेळानं परत लावतो."

"सांगते," कांताबाई म्हणाल्या.

त्यांना उत्तर माहीत होतं. हेच त्यांना पुढं कित्येक दिवस सलत राहिलं. अडाणीपणानं झालं असतं तर रडून मोकळं होता आलं असतं. पण इतकी वर्षं भिंतीपलीकडून तेच बोलणं ऐकून त्यांना समजत होतं की मैत्री आधी उसासा टाकेल, दोन प्रश्न विचारेल आणि म्हणेल, "नाही. नमुना तपासून घ्या, तोवर टाकून द्या." दूध उकळून चालतं का, हेही त्यांनी एकदा विचारलं होतं. "उकळून जंतू जातात आई, औषध नाही जात," मैत्री म्हणाली होती.

मैत्री केस पुसत बाहेर आली. "कुणाचा फोन होता?"

"कुणाचा नाही. ते लोनवाले."

किती सहज आलं तोंडातून! जेवताना सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. जेवताना भीमराव उद्याच्या खुर्च्यांचं बोलत होते, मध्येच कुठं सांगायचं? मग भांडी झाल्यावर सांगू. इतक्यात फोन पुन्हा वाजला आणि मैत्रीच्या तोंडात घास होता. कांताबाई लगबगीनं उठल्या, फोन घेऊन गॅलरीत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

"मावशी, विचारलंत का? काय म्हणाल्या मॅडम?"

समोरच्या इमारतीत कुणीतरी पौर्णिमेसाठी पंचरंगी झेंड्यांची माळ बांधत होतं. कांताबाईंच्या डोळ्यांपुढं सरुबाईंचं तोंड आलं.

"चालेल म्हणाली," त्या म्हणाल्या.

"नक्की ना? मॅडमच म्हणाल्या?"

"हो रे बाबा, मैत्रीच म्हणाली."

आत आल्यावर मैत्रीनं नुसतं पाहिलं. "लोनवाले," कांताबाई पुन्हा म्हणाल्या. त्या रात्री निजताना त्यांनी दिवस चाळला नाही. उद्या लवकर उठायचंय, असं स्वतःला सांगून कूस बदलली.

सकाळी मुक्ताईनं कॅन विहाराच्या अंगणात उतरवला. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "घ्या कांताबाई! म्याडमनी व्हय म्हनलं, मंग काय! आज समद्या रतिबाला बी चांदीचंच दूध घातलं. पावडर मिसळून पातळ दूध घालायची येळ आलती, पर म्याडमनी तारलं."

रतीब! समाधान बोलला होता तेही. पण काल कांताबाईंच्या डोक्यात फक्त आपलं पातेलं होतं. त्यांनी मुक्ताईला थांबवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर, "चहा घेऊन जा."

"न्हाई बा, घरी चांदी वाट बघतीय," म्हणत मुक्ताई गेली.

दूध तापू लागलं. तूप, तांदूळ, वेलदोडा. अंगणातल्या गॅसच्या शेगडीचा भुर्र आवाज. मैत्री आणि दोन-चार बाया पांढऱ्या साड्यांत द्रोण पुसत होत्या. आत वंदना सुरू झाली. कांताबाई दरवर्षी ढवळता ढवळता बाहेरूनच सूर मिसळत. आजही मिसळला. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. ओठ हलले, आवाज आला नाही. पाचव्यालाही आला नाही.

खिडकीतून भन्तेजी दिसत होते. म्हातारे, काटक, डोक्यावर ऊन घेत आलेले. ते एकदा गमतीनं सांगत होते की तरुणपणी पायाला जखम झाली, कुणीतरी पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचलं, आणि तोंड भोपळ्याएवढं होऊन श्वास बंद व्हायची पाळी आली. तेव्हापासून तसलं औषध त्यांना वर्ज्य. आणि दगडीच्या ट्यूबमध्ये बहुतेक तेच असतं, हेही कांताबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. दवाखान्यात पाय ठेवला की आधी तेच सांगतात. दवाखान्यात. पात्रात पडणाऱ्या घासाला ते काय विचारणार? भिक्खू पात्र पुढं करतो, जे पडेल ते घेतो. त्यात काय आहे हे बघायचं काम ज्यानं घातलं त्याचं.

कांताबाईंचा हात थांबला.

"काय हो, कांताबाई?" मागून सरुबाई. "हात का थांबला? वास येतोय बघा."

खरंच खीर किंचित धरू लागली होती. आणि त्या क्षणीही, आपण पकडलो जाऊ नये म्हणून, कांताबाईंना एक वाट दिसली. "लागली," त्या म्हणाल्या. "खाली सगळी लागली. आता ही वाढता येणार नाही. टाकून द्यावी लागेल."

सरुबाई पुढं वाकल्या. आता ही बाई मला पंगतीसमोर सोलणार, असं कांताबाईंना वाटलं, आणि तेही चालेल असं वाटलं. पण सरुबाईंनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "टाकून कशाला? जरासा धूर लागलाय. शेगडी बंद करा, ढवळू नका, वरवरची काढू. वेलदोडा जास्त घाला. कुणाला कळत नाही. मागच्या वर्षी मी बोलले, ते बाई मला नंतर रुतलं होतं. द्या इकडं."

आणि त्यांनी भन्तेजींसाठी काढून ठेवलेलं वाडगं उचललं, डाव बुडवला, भरलं. आत वंदना संपली होती. चपलांचे आवाज, मुलांचा गलका. सरुबाई वाडगं घेऊन दाराकडं निघाल्या.

"थांबा," कांताबाई म्हणाल्या. सरुबाई थांबल्या नाहीत. कांताबाईंनी पळत जाऊन वाडगं धरलं, आणि दोघींच्या ओढाताणीत ते उलटलं. गरम खीर सरुबाईंच्या नव्या पांढऱ्या साडीवरून ओघळत फरशीवर सांडली.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं!"

"दूध औषधाचं आहे," कांताबाई म्हणाल्या. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "म्हशीला औषध दिलेलं आहे. ते उतरलंय दुधात. मला माहीत होतं."

मैत्रीच्या हातातले द्रोण तसेच राहिले. ती जवळ आली. "कुठली म्हैस? मुक्ताईची? समाधान बघतोय ती? मला विचारल्याशिवाय तो दूध सोडणार नाही, आई. कुणी सांगितलं त्याला?"

"मी."

"तू काय सांगितलंस?"

"तू हो म्हणालीस, असं सांगितलं."

अंगणात तीस-चाळीस माणसं असतील. भीमराव दारात खुर्ची धरून उभे. मैत्रीनं आईकडं पाहिलं, रागानं नव्हे. बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईकडं पाहावं, तसं. मग फोन काढला आणि बाजूला जाऊन बोलू लागली. "समाधान, मुक्ताईचं सकाळचं दूध कुठं कुठं गेलंय? नाही, मी नव्हते म्हणाले. नंतर सांगते. आधी मला घरं सांग."

पातेलं चार जणांनी उचललं आणि विहारामागं खड्डा करून त्यात ओतलं. कुत्र्यामांजरांनी तोंड घालू नये म्हणून वरून माती टाकली. भन्तेजींची जेवणाची वेळ टळत आली होती. बारा वाजून गेले की ते काही घेत नाहीत. सरुबाईंनीच साडीचा ओला निऱ्यांचा भाग हातात धरून कोपऱ्यावरून केळी आणवली. भन्तेजींनी केळं सोललं, सावकाश खाल्लं आणि पात्र झाकलं. कांताबाईंना ते काही बोलले नाहीत. त्यांनी काहीतरी बोलावं, निदान रागवावं, म्हणून त्या समोर हात जोडून उभ्या होत्या. पण रागावणं हेही एक देणंच असतं, आणि ते मागून मिळत नाही.

मुक्ताईला कळलं तेव्हा ती गोठ्यात पेंड भिजवत होती. हातातली बादली तिनं खाली आपटली.

"कांताबाई, म्या तुमाला इचारलं नव्हतं. म्याडमला इचारलं व्हतं. तुमी मधी कशाला पडला? ह्या गल्लीत कुनी म्हनलं न्हाय आजवर मुक्ताईच्या दुधात खोट हाय. आता कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"तू काही बोलू नकोस," कांताबाई म्हणाल्या. "नुसतं घर दाखव. मी सांगते."

दुपारचं ऊन डांबरावर उकळत होतं. पुढं मुक्ताई, मागं कांताबाई, त्यांच्या मागं मैत्री. भीमराव म्हणाले होते, "मी येऊ का?" कांताबाईंनी नकारार्थी मान हलवली. लेकीचं नाव त्यांनी एकटीनं घेतलं होतं, नवऱ्याला सोबत घेऊन नव्हे.

पहिलं दार उघडलं. "सकाळचं दूध ओतून द्या. म्हशीला औषध चालू होतं. डॉक्टरांनी नाही सांगितलं, मुक्ताईनं नाही सांगितलं. मी खोटं सांगितलं की चालेल." हे वाक्य त्यांनी वाटेत जुळवून घेतलं होतं. पहिल्या दाराशी ते तुटत तुटत आलं, तिसऱ्या दाराशी सरळ आलं, आणि सरळ येतंय याचीच त्यांना लाज वाटली.

एका सदनिकेतले निवृत्त गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे आता दूध परत न्यायची पण फेरी सुरू केलीत? वा. सोय चांगली आहे." दुसऱ्या घरातल्या बाई मैत्रीकडं बोट करून म्हणाल्या, "ही तुमचीच ना? डॉक्टरांना सल्ला देते ती? घरातूनच सुरुवात केलीत, छान केलंत." मैत्री खाली बघत उभी राहिली. कांताबाईंना वाटलं, आपल्याला काही बोलले असते तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तिनं सल्ला दिलाच नव्हता हो. तिला मी विचारलंच नाही." त्यावर बाई हसल्या. "मग तर आणखीच छान."

बऱ्याच घरांत दूध फ्रिजमध्ये होतं. ते मोरीत ओतताना जो पांढरा झोत वाहून जाई, तो बघायला मुक्ताई थांबत नसे. तोंड फिरवून जिन्यात उभी राहत असे.

शेवटच्या घरात अवनी नावाची तरुण आई. कडेवर वर्षाचं बाळ. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "पण त्यानं प्यायलंय. सकाळीच."

मग मैत्री पुढं झाली. बाळाला पूर्वी कुठल्या औषधानं कधी पुरळ उठलं होतं का, दम लागला होता का, ते विचारलं. काय बघत राहायचं, काही दिसलं तर लगेच कुठं जायचं, आपला नंबर काय, सगळं नीट सांगितलं. "एका वेळच्या दुधानं बहुतेक काही होत नाही," ती म्हणाली. "पण काही वाटलं तर थांबू नका." अवनीनं मान डोलावली. तिची नजर मैत्रीवर नव्हती, कांताबाईंवर होती.

संध्याकाळी कांताबाई एकट्याच पुन्हा तिथं गेल्या. बेल वाजवली. दार बोटभर उघडलं. आतली साखळी तशीच होती.

"बाळ?"

"खेळतोय," अवनी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाळाला काही झालं नाही. भन्तेजींच्या पात्रात काही पडलं नाही. नमुना तपासायला गेला, आणि दुधात औषध निघालं. मैत्रीनं ते जेवताना सांगितलं, कुणाकडंही न बघता. मग म्हणाली, "ऑफिसला पण कळवलंय मी."

"काय कळवलंस?"

"जे झालं ते. की माझ्या फोनवरून माझ्या नावानं चुकीचं उत्तर गेलं."

"माझं नाव सांग ना त्यांना. माझं सांग."

"सांगितलं," मैत्री म्हणाली. "त्यांनी विचारलं, फोन तुमच्या आईच्या हाताला कसा लागला."

भीमराव भाकरीचा तुकडा कालवणात फिरवत होते. "कारखान्याच्या गेटवर आमच्या खिशातून काडेपेटी काढून घ्यायचे," ते म्हणाले. "विसरलो म्हटलं तरी घ्यायचे. विझलेली काडी असली तरी घ्यायचे." आणि हात धुवायला उठले. कांताबाईंना त्यांनी आयुष्यात याहून कठोर काही म्हटलेलं नव्हतं.

त्यानंतर टीव्हीशेजारचा चार्जर तसाच लोंबत राहिला. कामाचा फोन मैत्री सतत जवळ ठेवू लागली. अंघोळीला जाताना तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत खुंटीला अडकवू लागली. ती बाहेर आल्यावर कांताबाई मोरी पुसायला जात, आणि खुंटीवर ती पाण्याचे थेंब आलेली रिकामी पिशवी दिसे. ती काढून टाकावी की राहू द्यावी हे त्यांना ठरवता येत नसे. राहू देत.

सकाळची वंदना चालू होती. चौथ्या शीलाशी आवाज अजूनही बसे; पण त्या ते गाळत नसत. हळू म्हणत. रोज नव्यानं घ्यायचं असतं ते यासाठीच असेल, असा विचार एकदा मनात आला; पण तो फार सोयीचा वाटला, म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. सरुबाई एकदा घरी आल्या, साडीवरचा डाग निघाला हे सांगायला. पुढच्या वर्षीच्या खिरीचं त्यांनी काढलं नाही, यांनीही काढलं नाही. मुक्ताई गल्लीत येई, चांदी बंद म्हणून दुसऱ्या गोठ्यातून आणलेलं दूध घाली, पण कांताबाईंच्या दाराशी भांडं पुढं केलं की मापानंतरची वरची धार घालत नसे. इतकी वर्षं घातलेली ती धार. मागायची कशी?

एका रविवारी मैत्री कणीक मळत होती, कोपरापर्यंत हात भरलेले. फोन ओट्यावर होता. तो वाजला. कांताबाई शेजारीच भाजी चिरत होत्या. त्या चटकन दोन पावलं मागं सरल्या, जणू फोननं फणा काढला होता. मैत्रीनं ते पाहिलं. फोन वाजत राहिला. कणकेचे हात तिनं एकदा नळाकडं नेले, मग थांबली.

"आई," ती म्हणाली, "माझ्या कानाला लाव."

कांताबाईंनी हात पदराला पुसले, दोनदा पुसले. फोन उचलला, बटण दाबलं आणि लेकीच्या कानाशी धरला. इतक्या जवळ उभं राहिल्यावर पलीकडचा आवाज त्यांनाही ऐकू येत होता. समाधान होता. चांदीचा दुसरा नमुना तपासून आला होता, स्वच्छ आला होता. आता दूध सुरू करायला सांगू का मुक्ताईला?

मैत्रीनं निकाल वाचून दाखवायला सांगितला. शेवटचं इंजेक्शन कधीचं, चारही सडांचं दूध घेतलं होतं का, नमुना कुणी काढला, सगळं विचारलं. मध्येच कणीक मळत राहिली. कांताबाईंचा हात अवघडला, खांद्यात कळ आली. त्यांनी हात बदलला नाही.

"हो, चालेल," मैत्री म्हणाली. "चांदीचा रतीब सुरू करू दे तिला."

पलीकडून समाधान चाचरत म्हणाला, "मॅडम, सॉरी हं, पण... तुम्हीच बोलताय ना?"

मैत्रीचे हात कणकेत थांबले. कांताबाईंनी डोळे मिटून घेतले. फोन मात्र हलू दिला नाही.

"हो," मैत्री म्हणाली. "मीच बोलतेय."